कर्क हॅमेट, त्याची ममी आणि आमच्या घरातलं धोतर

ओवी
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे नाही विचारणार तर कुठे?

आम्ही बॉस्टनजवळ राहतो. चिरंजीव सातवीत, दोन वर्षं गिटार शिकतोय आणि 'मेटॅलिका' या मेटल बँडचा (म्हणजे कर्कश, जड रॉक) भक्त आहे. यंदा हॅलोवीनला त्याला ममी (पट्ट्यांत गुंडाळलेलं इजिप्तचं प्रेत) व्हायचंय. का, तर मेटॅलिकाचा गिटारवाला कर्क हॅमेट याच्या एका गिटारवर ममीचं चित्र आहे. गुंडाळायला लांबलचक पांढरं कापड हवं, म्हणून त्याची नजर गेली आजोबांच्या जुन्या धोतरावर. सासू-सासरे सांगलीहून आलेत. सासूबाई कालपासून फोनवर सगळ्या नणंदांना सांगतायत, "दिवाळीचा कंदील अजून उतरवला नाही, आणि धडधाकट आजोबा समोर बसलेले असताना हा त्यांचं धोतर गुंडाळून प्रेत होणार!" धडधाकट आजोबा गंमत बघतायत.

मी मेटलवाली नाही, नवरा आहे. २०१७च्या ऑक्टोबरात पानांचे रंग दाखवतो म्हणून त्याने मला गाडीत बसवलं आणि नेलं सेलमला, पीबडी एसेक्स म्युझियममध्ये. तिथे या हॅमेटने जमवलेल्या जुन्या भयपटांच्या पोस्टरांचं प्रदर्शन होतं. शंभराहून जास्त वस्तू, मधूनमधून त्याच्या गिटारी. रक्तबिक्त असणार म्हणून मी मन घट्ट करून गेले होते. तर समोर १९३२च्या 'द ममी'चं पोस्टर. पट्ट्यांत बांधलेला, हात छातीवर घेतलेला तो, आणि पुढे लाल झग्यातली बाई. काय ते रंग! भीती सोडा, मी तिथून हलेना. काही पोस्टरांवर तर अगदी जवळ गेलं की घड्यांच्या आडव्या-उभ्या रेघा दिसत होत्या, कपाटातल्या इस्त्रीच्या साडीवर दिसतात तशा. थिएटरांना टपालाने पाठवायचे म्हणून घडी घालत म्हणे.

तर प्रश्न असा: या मेटलवाल्यांना भुताखेतांचं एवढं वेड का? धंद्याचा भाग आहे, की खरंच काही नातं आहे? आणि धोतराचं काय करू?

खडूस_काका
पहिल्या दोन प्रश्नांवर तज्ज्ञ बोलतीलच. तिसऱ्याचं उत्तर: धोतराला हात लावू नका.

निशिगंधा
वाचतेय. सासूबाईंना +१.

रिफ_रावण
ओवीताई, धागा काढल्याबद्दल आभार. आता मला आवरा.

हॅमेटचं वेड धंद्याचं नाही, कारण ते गिटारच्या आधीचं आहे. पाचएक वर्षांचा असताना बहिणीशी भांडण झालं, हात मुरगळला, म्हणून घरच्यांनी टीव्हीपुढे बसवून ठेवलं. टीव्हीवर लागला होता माणसं खाणाऱ्या झाडांचा सिनेमा. संपलं. तिथून पुढे खाऊचे पैसे राक्षसांच्या मासिकांत. गिटार हातात आली पंधराव्या वर्षी. म्हणजे भुतं दहा वर्षं सीनियर.

बालपण सुखाचं नव्हतं, हे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. शिवाय आई फिलिपिनो, वडील आयरिश वंशाचे, मुलगा बुजरा. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस बघा ना, कोणीच जवळ घेत नाही त्याला. अशा पोराला तो खलनायक वाटत नाही, बाकावर शेजारी बसणारा मित्र वाटतो.

पुढे पैसा आल्यावर गड्याने खेळणी, पोस्टरं, सिनेमातले खरे पोशाख असं सगळं जमवलं. २०१२मध्ये संग्रहावर जाडजूड पुस्तक काढलं, २०१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भयपटांचा उत्सव भरवला (फेब्रुवारीत! धीर धरवला नसणार). तुम्ही पाहिलेल्या प्रदर्शनासाठी तर त्याने स्वतः संगीत रचलं होतं, ते २०२२च्या 'पोर्टल्स'मध्ये ऐकायला मिळतं. गाणारं कोणी नाही, नुसतं वाद्यसंगीत. डोळे मिटून ऐका, काळा-पांढरा सिनेमा चालू होतो.

निशिगंधा
नाव कर्क, पण रास कोणती?

रिफ_रावण
जन्म १८ नोव्हेंबर १९६२. सूर्यरास वृश्चिक. नांगी गिटारला लावलीय.

तळ्यातमळ्यात
रावणभाऊंच्या भक्तीचा आदर आहे, पण जरा थंड डोक्याने बघू. कवटी, वटवाघूळ, थडगं, रक्त ठिबकणारी अक्षरं हा मेटलचा गणवेश झालाय. टी-शर्ट खपतात. हॅमेटला लहानपणी झाडांच्या सिनेमाऐवजी ससे आवडले असते तर गिटारवर ससा आला असता का? रेकॉर्ड कंपनीने येऊ दिला असता का? आवड खरी असेल, पण ती बाजाराला सोयीची होती म्हणून टिकली.

जुनाट_कॅसेट
तळ्यातमळ्यात, उलटं आहे. बाजार नंतर आला. मुळाशी जाऊ.

बर्मिंगहॅम, १९६९. चार कारखानी पोरांचा 'अर्थ' नावाचा बँड. त्याच नावाचा दुसराही एक बँड निघतो, त्यामुळे घोळ. जिथे सराव करायचे त्याच्या समोर सिनेमाघर, तिथे मारिओ बाव्हाचा 'ब्लॅक सॅबथ' हा भयपट लागलेला, भयपटांचा नट बोरिस कार्लोफ असलेला. बाहेर रांग. त्यांच्या डोक्यात आलं की लोक घाबरायला पैसे मोजतात, मग घाबरवणारं संगीत का नको? नाव उचललं, त्याच नावाचं गाणं केलं, आणि पहिली रेकॉर्ड आली १३ फेब्रुवारी १९७०ला. वार शुक्रवार. सुरुवातीला पाऊस, चर्चची घंटा, मग ती तीन सुरांची रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा येणारा तुकडा).

म्हणजे या संगीताचं बारसंच भयपटाच्या दारात झालंय. पोरगं मोठं होऊन आजोळी जात असेल तर त्यात नवल काय?

(सॅबथचा गायक ओझी २०२५च्या जुलैत गेला. ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचा गायला, २२ला गेला. मेटॅलिकाही त्या मैफलीत वाजवून गेले. मी रात्री जागून बघितलं आणि रडलो. वय ५४.)

तळ्यातमळ्यात
"लोक घाबरायला पैसे मोजतात, मग आपण घाबरवू." काका, याला बाजार नाही तर काय म्हणतात? माझाच मुद्दा तुम्ही सिद्ध केलात. हलके घ्या. ओझीसाठी मात्र मीही जागलो होतो.

तीव्र_मध्यम
नावामुळे मला बोलावंच लागतंय. ती सॅबथची रिफ म्हणजे सा, मग तार सा, आणि मग मधल्या तीव्र मध्यमावर येऊन थरथरणं. बस. पाश्चात्त्य संगीतात या अंतराला सैतानाचा सूर म्हणायचे. पण आपल्याकडे यमन रोज संध्याकाळी घरोघरी शिकवला जातो, त्यात तोच तीव्र मध्यम आहे आणि कोणाच्याही अंगात येत नाही. तेव्हा सुरात भूत नसतं. त्याच्या आजूबाजूला काय ठेवता यावर आहे. यमनात त्याला पंचमाचा, गंधाराचा शेजार मिळतो. सॅबथने त्याला एकटाच अंधारात उभा केला.

पुरिया_कल्याण
सुंदर प्रतिसाद! मारव्यात पंचमच काढून घेतला की तोच तीव्र म कसा बेचैन करतो, तेही लिहा ना.

तीव्र_मध्यम
तेच म्हणायचं होतं. मारवा लावून सातच्या अंधारात एकटं बसून बघा. ममी परवडली.

ढोलताशा
आणि सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमीच्या बोटांची टोकं कारखान्यात तुटली, म्हणून तो तारा सैल करून खाली उतरवून वाजवायचा, म्हणून त्या गाण्याचा आवाज एवढा काळा.

जुनाट_कॅसेट
अर्धं बरोबर. बोटं तुटली सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने स्वतःच टोपणं केली. पण पहिली रेकॉर्ड नेहमीच्याच सुरावटीत आहे, तारा खाली उतरवल्या त्या १९७१च्या तिसऱ्या रेकॉर्डपासून. पहिल्या गाण्यातला काळोख निव्वळ संथपणाचा आणि मधल्या शांततेचा.

परंपरा_पाईक
एवढं सगळं लिहिलंत, पण हे सैतानपूजन आहे हे कोणी बोलत नाही. घरात दिवाळी आणि पोराच्या खोलीत कवट्या. उद्या काय होईल?

खडूस_काका
उद्या पोराची चाचणी परीक्षा असेल.

रिफ_रावण
पाईकसाहेब, भयाचा तमाशा ज्याने स्टेजवर आणला तो गायक अॅलिस कूपर धर्मोपदेशकाचा मुलगा, स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि गोल्फवेडा. 'स्लेअर' बँडचा गायक टॉम अराया कॅथलिक. आणि 'आयर्न मेडन' बँडचं ते १९८२चं बदनाम गाणं, 'द नंबर ऑफ द बीस्ट'? त्यांच्यातल्या स्टीव्ह हॅरिसने रात्री सैतानाच्या पोराचा सिनेमा बघितला, वाईट स्वप्न पडलं, त्याचं गाणं केलं. सुरुवातीच्या निवेदनाला भयपटांचा बादशहा व्हिन्सेंट प्राइस हवा होता, पण त्याचा दर परवडेना. मग दुसऱ्याकडून वाचून घेतलं. सैतानाचे दूत असते तर पैशाची चणचण भासली असती का?

परंपरा_पाईक
युक्तिवाद चांगला. पण धोतराबाबत मी आजींच्या बाजूने.

मालवणी_माणूस
धोतराबाबत सगळा फोरम आजीच्या बाजूने दिसतोय :)

मला वेगळंच काही सांगायचंय. माझं गाव कुडाळजवळ. आमच्याकडे देवचार म्हणजे सिनेमातला प्रकार नाही, तो शेजारी आहे. त्याची वाट ठरलेली, त्याची जागा ठरलेली, त्याला वर्षाचा मान ठरलेला. तिन्हीसांजेला त्या आंब्याखालून जाताना माझा मुंबईत शिकलेला बापूससुद्धा आवाज खाली करतो. आमच्यात कोणी देवचाराचा वेश घेऊन दारोदार चॉकलेटं मागेल? आजीने चुलीतलं लाकूड काढलं असतं.

म्हणजे भुताशी खेळायचं तर आधी भूत नसावं लागतं. अमेरिकेतल्या पोरांना ममी गोड वाटते, कारण परसात ममी नाही. हॅमेटचं प्रेमही सिनेमातल्या राक्षसांवर आहे, खऱ्या पिशाच्चांवर नाही. ओवीताईंच्या सासूबाईंना मात्र पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं माणूस म्हटलं की सिनेमा आठवत नाही, तिरडी आठवते. दोघं एकाच कापडाकडे बघतायत, पण दिसतंय वेगळं.

ओवी
मालवणी_माणूस, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. नणंदेला वाचून दाखवलं.

गुहागरकर
भावा, पण शिमग्यातला संकासुर विसरलास? अंगभर काळे कपडे, तोंड झाकणारा काळा उंच टोपीचा मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. वाडीवाडीतून नाचत येतो आणि पोरं किंकाळ्या मारत पळतात. मी पाचव्या वर्षी पडवीतल्या भाताच्या कणगीमागे लपलो होतो. घुंगरांचा आवाज जवळ येतोय, जवळ येतोय, आणि आई बाहेर हसतेय! तो आमचाच शेजारी होता हे कळलं आठवीत. पण तेव्हा कळल्यावर वाईट वाटलं, खरं सांगतो. दुसऱ्या वर्षी घुंगरं ऐकली आणि पोटात गोळाच आला नाही.

मालवणी_माणूस
संकासुर मान्य. घुंगरं म्हणजे तुमची चर्चची घंटा.

एडिसनची_आई
गेल्या वर्षी तर कमालच झाली होती. ३१ ऑक्टोबर २०२४ला नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट, आणि संध्याकाळी तीच कार्टी व्हँपायर. आमच्या दारात एका बाजूला पणत्या, दुसऱ्या बाजूला दात विचकणारा भोपळा. शेजारची गोरी आजी म्हणाली, दोन्हीत दिवाच आहे की.

जाता जाता, उरलेल्या भोपळ्याचे घारगे कोणी केलेत का? माझे दरवर्षी बिघडतात.

सुगरण_नाही_मी
कोरायचा भोपळा घारग्यांना घेऊच नका. तो तंतुमय, पाणचट आणि फिका असतो. कणीक सैल होते, गूळ कितीही घाला. 'पंपकिन पाय' हा गोड पदार्थ करायला मिळतो तो छोटा भोपळा घ्या, नाहीतर बटरनट. किसून, झाकण न ठेवता, पाणी आटेपर्यंत परता.

खडूस_काका
धागा भुतांवरून घारग्यांवर आला. मराठी संस्थळ असल्याचा पुरावा.

जुनाट_कॅसेट
तिकडे मुळात भोपळा नव्हताच. आयर्लंडात सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. आणि मेटलमध्ये भोपळा आणला हॅम्बुर्गच्या 'हेलोवीन' या बँडने. त्यांच्या १९८७च्या रेकॉर्डवर हॅलोवीनवरचं तेरा मिनिटांचं गाणं आहे.

निशिगंधा
त्यांच्या भोपळ्यात दिवा, आपल्या भोपळ्यात म्हातारी. टुणूक टुणूक.

ढोलताशा
हसून हसून पुरेवाट! वाघ मागे लागलेला, म्हातारी भोपळ्यात. हा भयपटच होता, आपल्याला झोपवताना सांगायचे.

झपताल
१९७८च्या 'हॅलोवीन' सिनेमाची ती टिंगटिंग धून कोणी आणली नाही अजून? ती दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचीच. त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता, तोच वापरला. दहाच्या हिशेबात मोजा: ३-३-२-२. आपला झपताल २-३-२-३. मी एकदा त्यावर तबला धरायला गेलो. मात्रा दहाच, सम गाठता येते, पण आतले सगळे आघात चुकतात. जिना उतरताना एक पायरी कमी असल्यासारखं. तीच तर भीती आहे त्यातली.

आणि त्यातल्या खुन्याचा मुखवटा ठाऊक आहे ना? दोन डॉलरांच्या आतला दुकानी मुखवटा, 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा. पांढरा रंग फासला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली.

निशिगंधा
इथेही कर्क!

रिफ_रावण
त्याच सिनेमाचा २००७चा नवा अवतार रॉब झॉम्बीने काढला. तोही मूळ मेटलवाला, आणि त्याच्या बँडचं नाव 'व्हाइट झॉम्बी' हे नट बेला लुगोसीच्या १९३२च्या सिनेमावरून. त्याच सिनेमाचं पोस्टर हॅमेटच्या दुसऱ्या एका गिटारवर आहे. सगळे एकमेकांचे मेहुणे निघतात.

झपताल
रॉब झॉम्बी गाण्यात ठीक. सिनेमात त्याने खुन्याचं बालपण समजावत बसून सगळी भीती घालवली. भूत समजलं की संपलं. गुहागरकरांच्या घुंगरांसारखं.

तळ्यातमळ्यात
असहमत. मला तोच भाग आवडला. पण माझा बाजाराचा मुद्दा कुठे गेला? एक जुनं पोस्टर कितीला जातं ते सांगा.

कागदाचा_किडा
माझा प्रांत. 'द ममी'चं पोस्टर १९९७मध्ये ४,५३,५०० डॉलरला गेलं. 'ड्रॅक्युला'चं १९३१चं २०१७मध्ये ५,२५,८०० डॉलरला. कारण उरलीत किती? ही पोस्टरं जपायला छापलीच नव्हती. सिनेमा उतरला की त्याच्यावर पुढचं डकवायचं, नाहीतर परत पाठवायचं, युद्धाच्या काळात रद्दीत द्यायचं. काही जुन्या घरांच्या माळ्यावर एकावर एक चिकटलेली सापडली आहेत. 'ममी'चं चित्र युनिव्हर्सल स्टुडिओच्या कॅरोली ग्रोसचं. हंगेरीत जन्मलेला माणूस, आज सिनेवेड्यांनाही त्याचं नाव माहीत नसतं.

हसू नका, पण त्या पोस्टरवरची पट्ट्यांतली ममी सिनेमात जेमतेम काही मिनिटं आहे, सुरुवातीलाच. ममी झालेल्या कार्लोफला ती रंगभूषा चढवायला आठ तास लागले होते. नंतर तो सिनेमाभर फेज (तुर्की) टोपी घालून फिरतो. धोतर वाचवायचंय तर पोराला हे सांगा: झगा आणि टोपी, झाली ममी.

आपल्याकडचं बोलायचं तर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४चं पोस्टर टिकलंय, हेच मोठं नशीब. आपल्या किती मूकपटांचा कागदाचा चिटोराही उरला नाही. एखादा वेडा गिटारवाला हवा होता इथे.

तळ्यातमळ्यात
पाच लाख डॉलर! ठीक आहे. पण एवढे पैसे घालणारा माणूस टी-शर्ट विकायला हे करत नसणार. अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच.

रात्रपाळी
मी उशिरा आलो. ३० ऑक्टोबर २०११, बंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स. हॅलोवीनच्या आदल्या दिवशी मेटॅलिका. २८ला गुडगावचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला होता, त्यामुळे पुण्याहून बसमध्ये बसल्यापासून आम्ही सहाही जण धास्तावलेले. तिथे चिखल. घोट्यापर्यंत. एका मित्राची चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच, पठ्ठ्या अनवाणी नाचला. मी इतका मागे होतो की हॅमेट अंगठ्याएवढा दिसत होता, गिटारवर ममी की आणखी कोण, काही कळलं नाही. पण ते वाईट स्वप्नांचं, पोराला झोपवण्याचं गाणं सुरू झालं (ती रिफ हॅमेटचीच) आणि सगळं मैदान एका सुरात "रात्र झाली, दिवा मालव" अशा अर्थाचं ओरडू लागलं. मला तर अंगाईच वाटली. भीती नव्हतीच हो. परतीच्या बसमध्ये अनवाणी मित्र घोरत होता.

आणि हॅमेटची खरी भयकथा कोणी सांगितलीच नाही. त्याचा फोन हरवला, त्यात रेकॉर्ड केलेल्या अडीचशे रिफ्स होत्या. बॅकअप नव्हता.

जुनाट_कॅसेट
हे वाचून अंगावर काटा आला. बाकी धाग्यात नाही आला.

ओवी
मंडळी, वृत्तांत द्यायचाय. काल ३१ झाली.

चिरंजीवांना झगा-टोपीचा पर्याय सांगितला, त्यांनी तो तुच्छतेने फेटाळला ("आई, ते कोणाला कळणार?"). मग सासऱ्यांनी स्वतःच धोतर आणून पुढे ठेवलं. सासूबाईंनी ते उचलून परत कपाटात टाकलं आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आल्या तेव्हा हातात आमची पांढरी डबल बेडची चादर होती, चार-चार बोटांच्या पट्ट्यांत फाडलेली, टोकं एकमेकांना टाके घालून जोडलेली. आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला हळदीचं बोट. "नुसतं पांढरं नको," एवढंच म्हणाल्या.

त्यामुळे ममी जराशी पिवळी दिसत होती. नवरा म्हणाला, उलट जास्त जुनी वाटतेय. पाठीला गिटार लावून स्वारी निघाली. तिसऱ्या घरापर्यंत गुडघ्याखालचं सगळं सुटलं, पाचव्या घराच्या पायऱ्यांवर स्वतःच्याच पट्टीत अडकून पडली, गिटारला पोचा आला. रात्री चॉकलेटं मोजताना आजी-नातू शेजारी. आजींनी त्यातली कॅरॅमलची वेगळी काढून पदराखाली घेतली.

चादर नवी होती, हे मी अजून कोणाला बोललेले नाही.

खडूस_काका
धोतर वाचलं. धागा यशस्वी.

एडिसनची_आई
बटरनटचे घारगे जमले! सुगरण_नाही_मी, नाव बदला.

रिफ_रावण
गिटारला पोचा कुठे आलाय? फोटो टाका. गळ्याच्या सांध्याजवळ असेल तर लगेच दाखवून घ्या.